राखेनं आखलेलं घर

मंगली आत्ताच झोपली आहे. ती उठेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहून घेते.

आमच्या नव्या घराचा नकाशा चांद्याहून आला, तेव्हा अर्ध्या गावानं तो हातात धरून पाहिला. मोठा निळा कागद, त्यावर पांढऱ्या रेघा, आणि नाकाजवळ नेला तर डोळ्यांत पाणी यावं असा वास. ह्यांच्यासोबत शिकलेले चैतराम चांद्याला नकाशे काढायच्या नोकरीत आहेत. त्यांनी दोस्तीखातर तो काढून पाठवला होता. सोबत निरोप होता, की मी रविवारी जागा पाहायला येतो, तोवर घरातल्या सगळ्यांना विचारून ठेवा. काय कमी आहे, काय नको आहे, ते आत्ताच सांगा. रेघ खोडता येते, भिंत खोडता येत नाही.

हे म्हणजे मनसाराम गुरुजी, मंगलीचे बाबा. आमच्या ढिवरपुऱ्यातला, मासे धरणाऱ्यांच्या ह्या वस्तीतला, शाळेत मास्तर झालेला पहिला माणूस. पुऱ्यातली घरं मातीची, एकाला एक लागून, सगळी तलावाच्या काठी. नवी जागा मिळाली ती गावाबाहेर उंचवट्यावर, एका अंगाला सावली गावाकडे जाणारा मोटारीचा रस्ता आणि दुसऱ्या अंगाला आमच्याच तलावाचं वरचं टोक. तिथं ह्यांना विटांचं घर बांधायचं होतं. नकाशात बैठकीची वेगळी खोली होती, झोपायची वेगळी, गजाच्या खिडक्या, घराच्या आतच न्हाणीघर. आणि स्वयंपाकघरात उभं राहून रांधायचा ओटा. त्या ओट्याचं मला फार अप्रूप वाटलं. मी शेजारच्या कुंताला बोट ठेवून दाखवला.

"उभ्यानं रांधशीन तं बसून काय करशीन वं?" कुंता म्हणाली.

"बसून तुह्या गोष्टी ऐकीन."

"मंग ओटा पाह्यजेच," असं म्हणून तिनं कागद आणखी जवळ ओढला.

सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, मी तो सगळ्यांत आधी दाखवला होता. त्या तलावावरून येऊन हात पुसत होत्या. ओले हात लागू नयेत म्हणून त्यांनी कागद नुसत्या दोन बोटांच्या टोकांनी धरला, वर पाहिला, खाली पाहिला आणि परत दिला.

"चांगलं हाय," म्हणाल्या.

"स्वयंपाकघर कसं आहे, आत्याबाई?"

"चांगलं हाय."

"आणि हे न्हाणीघर?"

"तेही चांगलं हाय, बाई."

मला ते चांगलं काही चांगलं वाटलं नाही. ज्यांना माझ्या आत्याबाई माहीत नाहीत त्यांना हे समजायचं नाही. आत्याबाई, गावाच्या देवकाबाई, कशालाच चांगलं म्हणत नाहीत. माझा भात मोकळा झाला तर कच्चा, मऊ झाला तर गिचका. मंगलीला मी डाव्या कडेवर घेतलं तर उजव्यावर का नाही, उजव्यावर घेतलं तर पोरीची मान पाहा. सांजेला चंद्र उशिरा उगवला तर त्याच्याही नावानं दोन शब्द. आणि ह्या एवढ्या मोठ्या घरात त्यांना एक खोड सापडू नये?

कुंतानं ते मला सरळ सांगून टाकलं. "तिले यायचं नाई. आपल्या घराले मानूस नावं ठेवते, परक्याच्या घराले चांगलं म्हनते. परवा घाटावर मले बोलली बी. म्हने, मनसारामचं घर होऊ दे, सून-पोरगी सुखानं राहू दे, मी हाय इथंच."

त्या दिवसापासून ओट्याची हौस गेली. मला माझी आई आठवतही नाही, लहानपणीच गेली ती. मंगली झाली तेव्हा मला दूध उतरत नव्हतं. पोर रडून रडून निळी पडायची आणि मीही तिच्यासोबत रडायची. आत्याबाई थंडीत पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उतरून माझ्यासाठी झिंगे धरून आणायच्या, त्यांचा पातळ रस्सा करून समोर बसून प्यायला लावायच्या आणि वर म्हणायच्या, "तोंड वाकडं करू नको, तुह्यासाठी नाई, मायी नात उपाशी हाय." पोरगी झाली म्हणून पुऱ्यातल्या कुणी चुकचुक केली, तर तिला त्यांनी दारातूनच परत लावलं होतं. आताही दुपारी मंगलीला उचलून तलावाच्या पाळीवर, बांधावर, नेतात आणि मला म्हणतात, "जा, कर तुयं ते गिचमिड." मी हे लिहिते आहे ते त्या गिचमिडातलंच. ह्या बाईला मागं ठेवून मी विटांच्या घरात उभ्यानं कुणासाठी रांधू?

ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "माय येईन. घर तर होऊ दे." ह्यांचा त्यावर खरंच विश्वास होता. मायनं चांगलं म्हटलं, ह्याचाच त्यांना केवढा आनंद झाला होता.

शेवटी मीच शनिवारी आत्याबाईंपुढे जाऊन बसले. त्या जाळं विणत होत्या, बांबूची सुई गाठीतून सरसर जात होती. "उद्या चैतरामभाऊ येणार आहेत. तुम्ही काहीतरी सांगा ना घराचं," मी म्हटलं.

"मले कागदातलं समजत नाई."

"मी समजावून सांगते."

"जाळं कोनी घडी करून दाखवते काय?" त्या मान वर न करता बोलल्या. "पसरून दाखव. मंग सांगतो."

आमच्यात नवं जाळं पाण्यात टाकण्याआधी काठावर पुरं पसरतात. तोंड पाण्याकडे करून ठेवतात आणि बायका भोवती फिरून एकेक गाठ पाहतात. कुठं सैल आहे, कुठं विणीतलं घर मोठं पडलं आहे, ते उभं राहून पाहिल्याशिवाय कुणी त्या जाळ्याला हो म्हणत नाही. आत्याबाई बोलून गेल्या ते मला टाळण्यासाठी, हे मला कळलं. पण मी तो शब्द धरून ठेवला.

रविवारी सकाळी हे चैतरामभाऊंना आणायला सायकल घेऊन सावलीला गेले. मी आणि कुंता पुऱ्यातल्या चुलींची राख टोपल्यांत भरून नव्या जागेवर घेऊन गेलो. जाळ्याचा लांब दोर घेतला, खुंट्या घेतल्या. आत्याबाई मंगलीला घेऊन मागून आल्या, तोंडानं पुटपुटत, की राख भांडे घासायले पुरत नाई आन ह्या पोरी जमिनीवर उधळून राह्यल्या. कागदावरचं बोटाचं एक पेर म्हणजे जमिनीवर पाच हात, असं आम्ही धरलं. कुंता दोर ताणणार, मी कागद वाचणार. राख टाकायचं काम आत्याबाईंनी आपणच माझ्या हातून काढून घेतलं, कारण मी टाकली ती पहिली रेघ साप गेल्यासारखी झाली.

"तोंड कुठी हाय ह्याचं?" त्यांनी विचारलं.

"हे इकडं, समोरचं दार. ही त्याच्यापुढची ओसरी."

त्या पाण्याकडे वळल्या आणि तिथं पहिली मूठ टाकली. मी कागद त्याप्रमाणे हातात फिरवून घेतला. त्यात काही चुकलं असं आम्हा तिघींपैकी एकीलाही वाटलं नाही. ढिवरपुऱ्यात जन्मलेल्या माणसानं पाण्याकडे पाठ केलेलं घर पाहिलेलंच नसतं.

ऊन चढेपर्यंत सगळं घर जमिनीवर उतरलं. पांढऱ्या रेघांतून आम्ही फिरायला लागलो, आणि मग थट्टेला काय कमी. कुंता दाराशी उभी राहून कडी वाजवल्यासारखं करत होती. "गुरुजी हायेत काय घरी?"

"शाळेत गेले," मी आतून म्हटलं.

"मंग बरं झालं, चहा टाक."

मंगली रांगत रांगत बैठकीतून भिंतीच्या पार स्वयंपाकघरात गेली, गुडघे राखेनं भरले. आत्याबाईंनी तिला उचलून परत बाहेर नेऊन ठेवलं. "दारातून ये, पोट्टे. चोरावानी काऊन येतेस?"

मग त्या स्वतः दारातून आत आल्या. रेघ पायानं मोडू नये म्हणून लुगडं वर धरून, प्रत्येक खोलीत थोडं थोडं थांबत. फिरून पुन्हा ओसरीत आल्या आणि तिथं बसल्या. कमरेची पिशवी सोडली, सूत काढलं आणि सुई चालवायला लागल्या. मी आणि कुंतानं एकमेकींकडे पाहिलं.

बराच वेळ गेला. पाणी त्यांच्यापुढे पसरलं होतं, त्यावर आमच्या पुऱ्यातल्यांचे दोन-तीन डोंगे, लहान लाकडी होड्या, दूर काळ्या काडीसारखे दिसत होते.

"ओसरी अरुंद हाय," आत्याबाई म्हणाल्या. "इथं जाळं पसरलं तं मी पाय कुठी ठेवू?"

मी श्वास घेतला तोही हळूच घेतला. मी पाय कुठी ठेवू, असं त्या म्हणाल्या होत्या.

"आन हे दार इतकं जवळ काऊन? पोरगी धावत निघाली तं सरळ खाली जाईन. इथं उंबरठा उंच पाह्यजे." सुई थांबली. त्यांनी कपाळावर हात धरून पाण्याकडे पाहिलं. "तो पाहा, इस्तारीचा डोंगा वळला. कुंता, ऊठ, टोपल्या घे. ह्या जागेवरून तं पुऱ्यातल्या परीस लवकर दिसते."

आणि मला तेव्हा कळलं. इतके दिवस हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? मासळी घेऊन डोंगा काठाकडे वळला की घाटावर टोपल्या घेऊन पोचायचं, पुऱ्यातल्या बायकांना हाक घालायची, मासळी वाटून घ्यायची आणि मासळी ताजी असतानाच विकायला निघायचं, हे सगळं आत्याबाईंच्या एका हाकेवर चालतं. त्यांच्या दारातून पाणी दिसतं म्हणून त्या देवकाबाई आहेत. पाणी दिसत नाही अशा घरात त्या नुसत्या गुरुजींच्या म्हाताऱ्या आई झाल्या असत्या.

तेवढ्यात रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. हे पुढं बसलेले, चैतरामभाऊ मागं, मांडीवर कागदांची गुंडाळी. दोघं उतरले आणि रस्त्याच्या काठी उभे राहिले. चैतरामभाऊ आधी खूश झाले, एवढी मेहनत त्यांच्या कागदावर कुणी घेतली नसावी. मग त्यांची मान एकदा इकडे, एकदा तिकडे झाली.

"मनसाराम," ते म्हणाले, "तुहं न्हाणीघर तर रस्त्यावर आलं गा."

कुंताला हसू आवरेना. "आंघोळीले बसतीन गुरुजी, आन मोटारीतले लोक खिडकीतून रामराम करतीन."

मीही हसले असते, पण ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबले. हे हसत नव्हते.

"उलटं आखलं," हे म्हणाले. "माय, घराचं तोंड रस्त्याकडं हाय. तुमी रस्त्याकडं पाठ केली."

आत्याबाई उठल्या. लुगड्याची राख झटकली, सुताची गुंडी पिशवीत टाकली. "मंग मायंच चुकलं असंन," त्या अगदी शांत बोलल्या. "कागदावरचं चांगलं हाय तुमचं. तसंच बांधा."

पुन्हा ते चांगलं हाय. त्या मंगलीला माझ्याकडे द्यायला वाकल्या, जायला निघाल्या होत्या. मी मंगलीला घेतलंच नाही. चारचौघांत, पाहुण्यासमोर मी ह्यांच्याशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते, पण त्या वेळी बोलले.

"अजी, ऐकून तर घ्या. आत्याबाईंनी ओसरी अरुंद आहे म्हटलं. उंबरठा उंच करा म्हटलं. इथं बसून त्यांनी जाळं विणलं. तुमच्या कागदाला त्या फक्त चांगलं म्हणाल्या. त्यांना इथून पाणी पाहिजे. पाणी नसलं तर त्या यायच्या नाहीत."

हे माझ्याकडे पाहत राहिले, मग आईकडे. "माय? तू येनार नव्हती?"

आत्याबाईंनी मंगलीला पुन्हा कडेवर सारखं केलं. ह्यांच्या हातातली सायकल कलली, ती चैतरामभाऊंनी धरली.

"घर तर मी फिरवू शकत नाई," हे खालच्या आवाजात म्हणाले. "लहानपनी मी मासळीची टोपली घेऊन वाड्यावाड्यांवर जात होतो, आठवते तुले? समोरच्या दारानं मले कोनीच येऊ देल्लं नाई. मागून ये, मागून ये. मास्तर झालो तरी कोन्या घरी गेलो का पाय आपोआपच मागच्या अंगाले वळते माहा. मले वाटे, आपल्या घराले रस्त्यावर तोंड असावं. जो येईन तो समोरून यावा, आन आपून त्याले समोरूनच घ्यावं."

हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. मंगलीनं आजीच्या नाकातली नथ पकडली होती, ती सोडवायचंही आत्याबाईंना सुचेना.

"टोपली मायीच होती," त्या म्हणाल्या. "मीच धाडत होतो तुले." मग मंगलीची मूठ सोडवून त्यांनी मान हलवली. "तोंड रस्त्याकडंच राहू दे. कोनी फिरवायचं नाई. मी बसीन मागं. मागूनच तं पानी हाय ना? आखा सरळ. मी पाहतो कुठी बसता येते ते."

कुंता टोपल्या घेऊन घाटाकडे पळाली. पुन्हा झाडू फिरला, पुन्हा दोर ताणला. ह्या वेळी राख हे टाकत होते, धोतर खोचून, आणि आत्याबाई मागं मागं चालत, "सरळ टाक, मास्तर हायेस का कोन हायेस" असं म्हणत होत्या. घर सुलटं झालं. आत्याबाई समोरच्या दारानं शिरल्या, बैठकीतून स्वयंपाकघरात, आणि तिथून पुढं तलावाकडे जायला लागल्या तर रेघ आडवी. एका बाजूला न्हाणीघर, एका बाजूला धान्याची कोठी, मध्ये भिंत. कागदात हातभर खिडकी तेवढी, तीही डोक्याच्या वर.

"हे कोनं बुजवलं?" त्यांनी विचारलं.

"मीच, काकी," चैतरामभाऊ म्हणाले आणि राखेतच उकिडवे बसले. "चांद्यात घरामागे गल्ली राह्यते. पाठ बंदच करा लागते तिथं. इथं मागं एवढं पानी हाय, हे मले कोनी बोललंच नाई." ते ह्यांच्याकडे पाहून हसले. "म्हनूनच तर विचारा म्हनलं होतं बापा सगळ्याले. आता सांगा काकी, तुमाले काय काय पाह्यजे. आज मी ऐकायलेच आलो."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. आणि आत्याबाई बोलायला लागल्या.

न्हाणीघर बाजूला घ्या, सांडपानी माह्या भाजीले जाऊ द्या. कोठी तिथं ठेवली तं उंदीर आधी पाहुनचार घेतीन, ती आत घ्या. मागं दार पाह्यजे, आन दारापुढं जाळं पसरलं तरी पोरगी रांगू शकन एवढी ओसरी. चैतरामभाऊ म्हणाले, एवढी जागा काढायची तर बैठक निम्मी होईल. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्या बैठकीत टेबल कुठं ठेवायचं, खुर्च्या कुठं, हे ह्यांनी मला कितीदा सांगितलं होतं.

"होऊ दे," हे म्हणाले. "पाहुने गुडघे जवळ घेऊन बसतीन. दार तं समोरूनच हाय."

"आन हे काय?" आत्याबाई माझ्या ओट्याजवळ येऊन थांबल्या. "उभ्यानं रांधायचं ते हेच काय? हिचे तं पाय दुखतेत म्हनते अन्‌ हिले उभं ठेवता? बाजूले एक चूल जमिनीवर पाह्यजे. मले उभ्यानं जमत नाई. आन धूर इकडं नको, पोरगी इथं झोपन."

ओटा राहिला, पण लहान झाला आणि त्याच्या बाजूला चूल आली. मला त्या चुलीचा ओट्याहून जास्त आनंद झाला. चूल कुणासाठी ते आता सगळ्यांनाच कळलं होतं, आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही. कुंतानंसुद्धा तोंड आवरलं. ती मासळी वाटून केव्हाच परत आली होती आणि चैतरामभाऊंना म्हणाली, "काकीचं आइकत बसाल तं मोटर जाईन तुमची," आणि खरंच ते निघाले तेव्हा आत्याबाई सायकलमागे रस्त्यापर्यंत चालत गेल्या, खिडक्या खाली घ्या म्हणून सांगत.

परत पुऱ्याकडे येताना मी पुढं होते, मंगली माझ्या खांद्यावर झोपलेली. आत्याबाई मागं होत्या. पाळीवर पोचलो तेव्हा त्या थांबल्या आणि आमच्या जुन्या घराकडे पाहत राहिल्या. खालून चुलींचा धूर वर यायला लागला होता.

"मनसारामले सांग," त्या म्हणाल्या, "आपल्या ह्या घराचे खांब सागाचे हायेत. त्याच्या बापानं स्वतः निवडून आनले होते. त्याले वाळवी नाई. छत उतरवा आन ते खांब मागच्या ओसरीले लावा. नवे कायले आनता?"

मी हो म्हटलं. त्याहून जास्त काही बोलले असते तर रडू आलं असतं, आणि रडणाऱ्या बाईला त्या काय म्हणतात ते मला माहीत आहे.

आता छत उतरलं आहे आणि आम्ही कुंताच्या पडवीत राहतो. नव्या जागेवर पाया भरला, भिंती गुडघ्यापर्यंत आल्या आहेत. आत्याबाई मासळी विकून परत येताना रोज तिकडे वाट वाकडी करून जातात आणि गवंड्याच्या कामाला नावं ठेवून येतात. आज म्हणाल्या, मागचा उंबरठा अजूनही ठेंगणाच आहे. मी ह्यांना सांगून तो उंच करून घेणार आहे.